विमानाची उगवण टक्केवारी

डॉक्टरांनी धर्मराजरावांना सांगितलं होतं की एखादा छंद लावून घ्या, म्हणजे बीपी खाली येईल. डॉक्टरांच्या मनात बागकाम, भजनी मंडळ, फार तर सकाळचं चालणं असं काहीतरी असावं. चालत्या जहाजावर लढाऊ विमान उतरवणं त्यांच्या मनात नक्कीच नव्हतं. पण चिठ्ठीवर त्यांनी गोळ्यांच्या खाली नुसतं ‘छंद’ एवढंच लिहिलं, आणि धर्मराजराव हे लिहिलेलं जसंच्या तसं पाळणारे गृहस्थ होते.

जालन्यातल्या मस्तगड भागातल्या त्यांच्या घरापासून समुद्र चारेकशे किलोमीटर लांब. त्यांनी तो आयुष्यात दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा चपला हातात धरून. पण मुलगी पायल नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा मोठा कॉम्प्युटर मागच्या खोलीत राहिला. त्यात विमान चालवायचा खेळ होता. खेळ म्हटलेलं धर्मराजरावांना चालत नसे, सिम्युलेटर म्हणायचं. त्यांनी पायलकडून विमानाचा दांडा मागवून घेतला, जुन्या गादीची एक उशी खुर्चीवर टाकली आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी नौदलात प्रवेश केला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना थोडं सांगितलं पाहिजे. जमिनीवर विमान उतरवताना धावपट्टी लांबलचक असते, शेवटी नाक जरा वर उचलायचं, वेग कमी करायचा, की विमान हलकेच टेकतं. जहाजावर यातलं काही चालत नाही. जागा एवढीशी, तीही पुढे पळणारी. त्या जागेवर चार आडव्या तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. आकडा तारेत अडकला तर विमान दोन सेकंदांत जागच्या जागी थांबतं. नाही अडकला तर पुढे पाणी. म्हणून चाकं टेकली रे टेकली की इंजिन पूर्ण ताकदीनं सोडायचं, तार हुकलीच तर परत उडता यावं. थांबण्यासाठी जोर लावायचा, हा नियम धर्मराजरावांच्या तीस वर्षांच्या स्कूटरच्या सवयीला अगदी उलटा होता, आणि त्यांचा हात ऐन वेळी स्कूटरचंच ऐकायचा.

दिवसा ते नव्या जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बियांची उगवण तपासायचे. सव्वीस वर्षं हेच काम. प्रत्येक लॉटमधून शंभर-शंभर बियांचे चार नमुने काढायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि ठरल्या दिवशी उघडून मोजायचे. सामान्य रोपं किती, असामान्य किती, मेलेल्या बिया किती. टक्केवारीत फक्त सामान्य धरायची. असामान्य रोप कितीही हिरवंगार दिसलं तरी शेतात उभं राहत नाही, म्हणून त्याचा रकाना वेगळा. कापसाला पंच्याहत्तर आले तर पास, चौऱ्याहत्तर आले तर नापास. या एका टक्क्यावरून लोकांनी त्यांच्यापुढे हात जोडले होते, आवाज चढवले होते, एकदा तर कोणी पेढ्यांचा बॉक्स ठेवून पळून गेलं होतं. धर्मराजरावांनी तो बॉक्स रजिस्टरमध्ये नोंदवून शिपायाच्या ताब्यात दिला. त्यांच्यापाशी मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, पण त्यांनी लिहिलेला आकडा खरा असतो, एवढं अख्ख्या बियाणे बाजाराला ठाऊक होतं.

विमानासाठीही त्यांनी तसलंच रजिस्टर घातलं. तारेत अडकलं ते सामान्य. टेकून परत उडालं ते असामान्य. पाण्यात गेलं किंवा जहाजाच्या मागच्या भिंतीवर आदळलं ते मृत. एप्रिल संपता संपता सत्त्याऐंशी नोंदी झाल्या होत्या. असामान्य एकोणीस, मृत अडुसष्ट, सामान्य शून्य.

वंदनाबाईंचं या छंदाविषयी मत थोडक्यात असं होतं की जमिनीवर जमत असेल तर जमिनीवर उतरवावं. नवऱ्यानं यावर अर्धा तास शास्त्रीय खुलासा केला. त्यांनी तो तांदूळ निवडत शांतपणे ऐकून घेतला आणि शेवटी विचारलं की दळण कधी आणता. दळणाचा डबा सोमवारपासून दाराशी उभा होता. धर्मराजराव येता-जाता त्याला वळसा घालत असत.

खरी अडचण विजेची होती. उन्हाळ्याचे दिवस. कूलर, पाण्याची मोटर आणि कॉम्प्युटर हे तिघं एकदम चालले की घरातला खटका पडायचा, आणि तो पडायचा ते विमान जहाजापासून वीतभर अंतरावर असताना. धर्मराजरावांनी अशा नोंदी मृतच धरल्या, फक्त शेऱ्यात ‘वीज गेली’ असं लिहिलं. सहाव्यांदा तसं लिहावं लागलं तेव्हा त्यांनी घराचा वीजभार वाढवून घ्यायचं ठरवलं. साधा अर्ज होता. नाव, पत्ता, मीटर क्रमांक आणि भारवाढीचे कारण.

इथं लोक ‘घरगुती वापर’ लिहितात. वीज कार्यालयाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसानं त्यांना तसं सांगितलंसुद्धा. पण सव्वीस वर्षं रकाना पाहून भरलेल्या माणसाला रकान्यात खोटं लिहवत नाही. धर्मराजरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘विमानवाहू नौकेवर विमान उतरवण्याच्या सरावाकरिता.’

खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि अर्ज साहेबांकडे नेला. साहेब हसले नाहीत. शेजारच्या टेबलावरचे दोघंही उठून वाचायला आले आणि तेही हसले नाहीत. कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं धर्मराजरावांना वाटलं. साहेबांनी विचारलं की विमान घरगुती आहे की व्यावसायिक, कारण व्यावसायिक असेल तर दर वेगळा लागेल. धर्मराजराव म्हणाले की एकच माणूस बसतो. साहेबांनी थोडा विचार करून अर्जावर शेरा मारला. जागेची पाहणी करावी, दोन पंचांसमक्ष.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला वीज कार्यालयाचे भागवत हातात फाईल आणि मोजपट्टी घेऊन आले. सरळ मनाचा, घामेजलेला माणूस. त्यांनी आधी दार मोजलं. तीन फूट. मग अंगणात जाऊन वर पाहिलं, गच्चीवर जाऊन खाली पाहिलं, आणि परत येऊन अदबीनं विचारलं, “साहेब, विमान कुठं लावता?”

धर्मराजरावांनी त्यांना मागच्या खोलीत नेऊन खुर्ची दाखवली. भागवत खुर्चीत बसले, तीनदा समुद्रात गेले, कपाळ पुसलं आणि पंचनामा लिहायला घेतला. ‘जागेवर प्रत्यक्ष विमान आढळून आले नाही. जहाजही आढळून आले नाही. खुर्ची एक, उशीसह.’ याखाली दोन पंचांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून शेजारपाजारच्या दोघांना बोलावणं गेलं, आणि धर्मराजरावांच्या आयुष्याची घडी तिथून विस्कटली.

डाव्या हाताच्या घरातून रखमाजी आले. यांनी परतूरच्या बाजारात चाळीस वर्षं हमालांची मुकादमी केली होती. कापसाचा ट्रक मागे घेऊन फलाटाला लावायचा असला की मागे उभे राहून ड्रायव्हरला हाकारणारे ते रखमाजीच. समोरच्या दुमजली घरातून अण्णासाहेब आले. हे शेतकऱ्यांकडून कापसाचं बियाणं पिकवून घेऊन कंपन्यांना देत. मागच्याच्या मागच्या हंगामात त्यांचा एक मोठा लॉट धर्मराजरावांनी एकाहत्तर टक्क्यांवर नापास केला होता. अण्णासाहेबांनी तेव्हा फार काही मागितलं नव्हतं. असामान्य रोपांतली चार सामान्यांत घ्या, एवढंच म्हणाले होते. धर्मराजरावांनी घेतली नाहीत. तेव्हापासून समोरासमोर राहून दोघांचं बोलणं ‘काय, बरं आहे का’ याच्यापुढे गेलं नव्हतं.

अण्णासाहेबांनी पंचनामा सावकाश वाचला, सही केली, आणि धर्मराजरावांच्या काखेतल्या रजिस्टरकडे त्यांची नजर गेली. ते ओळखीचं पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. त्यांनी चौकशी केली. असं-असं आहे, सत्त्याऐंशी नोंदी झाल्यात, हे भागवतांनीच उत्साहानं सांगून टाकलं.

“सत्त्याऐंशी?” अण्णासाहेब म्हणाले. “मंग धर्मराजभाऊ, उगवण किती?”

धर्मराजरावांना ‘शून्य’ म्हणायचं होतं. तोंड उघडेपर्यंत तोच शब्द जिभेवर होता. पण समोर अण्णासाहेब होते, त्यांच्या मिशीखाली हसू जमा होत होतं, भागवत तीनदा बुडून आले होते, दारात वंदनाबाई उभ्या होत्या आणि आपण चोपन्न वर्षांचे आहोत हे धर्मराजरावांना एकदम फार जाणवलं.

“पंच्याहत्तर,” ते म्हणाले.

“काठावर पास,” अण्णासाहेब म्हणाले. “बिलकुल काठावर. मंग एक करा. रविवारी सकाळी चार नमुने आमच्यासमोर टाका. तुमचाच नियम हाय, चार नमुन्यांचा.”

त्या रात्री धर्मराजरावांना भाकरी गोड लागली नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खोटा आकडा सांगितला होता, आणि तोही विमानाचा, ज्याच्याशी बाजाराचा, शेतकऱ्याचा, कोणाचाच काही संबंध नव्हता. पण अण्णासाहेबांचं गणित सरळ होतं. रविवारी पंच्याहत्तर आले नाहीत, की हा माणूस आकडे मनानं टाकतो हे सिद्ध. मग ते एकाहत्तरही तसेच टाकलेले, आणि त्याच्या आधीचे सगळेच. शुक्रवारी प्रयोगशाळेत त्यांनी एकाच कागदातली रोपं तीनदा मोजली. तिन्ही वेळा आकडा तोच आला, तरी त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना.

शुक्रवारी संध्याकाळी रखमाजी न बोलावता आले. पंच म्हणून उभं राहिल्यापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती.

“साहेब, तुमचं सगळं बराबर हाय,” ते म्हणाले. “पण तुमच्या पाठीमागं माणूस न्हाई. मागं माणूस नसला तर ड्रायव्हर कितीबी चांगला असू द्या, गाडी फलाटाला लागत न्हाई.”

यात तथ्य होतं. जहाजाच्या डाव्या अंगाला एक पिवळा दिवा असतो. तो हिरव्या रेघेच्या वर दिसला की आपण वर आहोत, खाली दिसला की खाली. धर्मराजरावांच्या चष्म्याला जवळचा आणि लांबचा असे दोन नंबर एकत्र होते. हनुवटी वर केली की दिवा दिसायचा, पण जहाज जायचं. हनुवटी खाली केली की जहाज दिसायचं आणि दिवा जायचा. उलट रखमाजींना मोतीबिंदू काढल्यापासून दारातून कॅलेंडरच्या तिथी वाचता येत. ते खुर्चीमागे दारात उभे राहिले आणि चाळीस वर्षांच्या आवाजात सुरू झाले. येऊ द्या, येऊ द्या, जरा वर, येऊ द्या, बराबर. पहिल्याच खेपेला विमान बरोबर तारांवर आलं.

आणि नेमक्या त्या क्षणी रखमाजींनी खुर्चीच्या पाठीवर दोन थापा मारल्या. ट्रकच्या फळीवर दोन थापा म्हणजे थांब, हे जालना जिल्ह्यात कोणाला शिकवावं लागत नाही. धर्मराजरावांच्या हातानं झटकन इंजिनाचा जोर काढून घेतला. आकडा तारेवरून उडी मारून गेला, आणि विमान जहाजाच्या पुढच्या टोकावरून सावकाश, कोणाला न दुखवता, समुद्रात घसरलं.

शनिवारचा अख्खा दिवस त्या दोन थापांवर गेला. धर्मराजरावांनी समजावलं की इथं दोन थापा म्हणजे थांब नाही, पूर्ण जोर. रखमाजींनी मान डोलावली. त्यांना सगळं पटलं होतं, पण त्यांच्या हाताला पटत नव्हतं आणि धर्मराजरावांच्याही हाताला पटत नव्हतं. थापा मारूच नका, असं ठरवून पाहिलं. रखमाजींनी हात मागे बांधून पाहिले. चाकं टेकली की बांधलेले हात आपोआप सुटायचे. संध्याकाळी दोघंही अंगणात पायरीवर बसले तेव्हा रजिस्टरमध्ये आणखी बावीस नोंदी होत्या आणि सामान्यांचा रकाना कोरा होता. रखमाजी म्हणाले की हात म्हातारे झाले, आता नवीन काही घेत न्हाईत. धर्मराजराव फक्त ‘हूं’ म्हणाले. त्यांना इतकं थकल्यासारखं झालं होतं की खोटं बोलल्याची लाजसुद्धा नीट वाटेना.

रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये अठरा माणसं होती. धर्मराजरावांनी एकालाही बोलावलं नव्हतं. अण्णासाहेबांनी ही कामगिरी चोख पार पाडली होती. कॉम्प्युटर उचलून हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडला होता. भारवाढ अजून मंजूर नव्हती, म्हणून कूलर बंद, फ्रिज बंद, मोटर बंद. मे महिन्यात बंद हॉलमध्ये अठरा माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसली होती. भागवत सुट्टीच्या दिवशीही फाईल घेऊन आले होते, प्रत्यक्ष वापर किती होतो त्याची नोंद करायला. वंदनाबाई स्वयंपाकघरात अठरा माणसांच्या चहाचं आधण ठेवून भांड्यांचा नेहमीपेक्षा जास्त आवाज करत होत्या.

पहिला नमुना. रखमाजींनी सुरेख आणलं, चाकं टेकली, दोन थापा पडल्या, हातानं जोर काढला आणि विमान पुढून पाण्यात गेलं. मग मागून कोणीतरी म्हणालं की पाणी फार छान दाखवलंय.

दुसऱ्या वेळी रखमाजींनी थापा मारायला जरा उशीर केला. विमान टेकलं, ठिणग्या उडाल्या, तार हुकली, पण इंजिन जोरात असल्यामुळे ते तसंच वर निघून गेलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टेकवलं आणि परत उचललं, काय ताबा आहे, असं लोक एकमेकांना सांगू लागले. हे असामान्य आहे, हे मोजत नाहीत, असं धर्मराजराव म्हणाले, पण टाळ्यांत ते फक्त रखमाजींना ऐकू गेलं.

तिसऱ्या वेळी घामाचा थेंब चष्म्याच्या काचेवर आला. विमान जहाजाच्या मागच्या भिंतीवर आदळलं, मोठा जाळ झाला, आणि आतापर्यंतच्या सगळ्यांत जोरदार टाळ्या त्याला मिळाल्या.

चौथ्या नमुन्याला धर्मराजरावांच्या अंगात काही उरलं नव्हतं. तीन गेले होते. आता चौथं काहीही झालं तरी पंच्याहत्तर होत नव्हते. शर्ट पाठीला चिकटला होता, मनगट दुखत होतं. आतापर्यंत दिवा जरा हलला की ते दांडा ओढत, मग जास्त झाला म्हणून ढकलत, मग परत ओढत. आता ओढायचाही कंटाळा आला. त्यांनी हात नुसता दांड्यावर ठेवला आणि विमान जसं येत होतं तसं येऊ दिलं.

त्याच वेळी वंदनाबाई चहा घेऊन आल्या. पहिला कप मानानं रखमाजींच्या हातात गेला. काठोकाठ भरलेला कप आणि बशी, दोन्ही हातांत. चाकं टेकली तेव्हा रखमाजींचे हात थापेसाठी उठले, पण चहा होता, म्हणून जागच्या जागी थरथरून राहिले. थापा पडल्या नाहीत. धर्मराजरावांच्या हाताला थांबवणारं कोणी नव्हतं. त्यांनी जोर पूर्ण पुढे सारला.

विमान थांबलं.

टीव्हीवर जहाज होतं, तारा होत्या, आकाश होतं आणि काहीच हलत नव्हतं. इंजिनाचा आवाज मात्र खोली दणाणून जाईल एवढा चालू होता. चित्र अडकलेलं आणि आवाज सुरू, हे लक्षण आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. मागून आवाज आला, हँग झालं. दुसरा म्हणाला, गरम झालं असेल, बंद करून चालू करा. भागवत, मी बघतो, म्हणत उठले, आणि धर्मराजरावांचा आवाज घशातून बाहेर यायच्या आत त्यांनी भिंतीतला प्लग ओढला.

टीव्ही काळा झाला. शंभराहून जास्त वेळा हुकून जे एकदा साधलं होतं, त्याची निशाणीसुद्धा उरली नाही. धर्मराजराव त्या काळ्या काचेत स्वतःकडे पाहत बसले. मागे रखमाजींच्या धोतरावर चहा सांडला होता आणि ते कोणाकडेही न पाहता हळूच म्हणाले, “लागली.”

अण्णासाहेब उठले. त्यांना वाटलं होतं की माणूस बुडताना पाहून बरं वाटेल. पण शर्ट भिजलेला, चष्मा घसरलेला हा शेजारी बघून त्यांचं मन बहुतेक वितळलं असावं. जिंकलेल्या माणसाला मोठेपणा परवडतो, आणि अण्णासाहेबांनी तो हात सैल सोडून दाखवला. मशीन अटकली यात धर्मराजभाऊंचा दोष नाही, तेव्हा ते चौथं पास धरू, असं ते म्हणाले. दुसऱ्याला तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ते पास. पहिलं जहाजावर टेकलं होतं, मग घसरलं, तेही धरायला हरकत नाही.

“चारातले तीन,” ते म्हणाले. “पंच्याहत्तर. भाऊंनी सांगितले तेवढेच. बराबर का?”

लोक बराबर म्हणाले. चहा निवत होता. धर्मराजरावांना फक्त मान हलवायची होती. अठरा माणसं घरी गेली असती, कूलर सुरू झाला असता, आणि अण्णासाहेबांशी दीड वर्षांनी बोलणं सुरू झालं असतं. मान हलवायला किती सोपी असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठले.

“पहिलं मृत,” ते म्हणाले. “दुसरं असामान्य. तिसरं मृत. चौथं सामान्य. पंचवीस टक्के. लॉट नापास.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि गुरुवारी मी पंच्याहत्तर सांगितलं ते खोटं होतं. तेव्हा शून्य होतं.”

वर्तमानपत्रांचा वारा थांबला. धर्मराजरावांचे कान तापले होते. त्यांना मनापासून लाज वाटत होती, पण ती वाटत होती म्हणूनच जरा हलकंही वाटत होतं.

अण्णासाहेबांनी विचारलं की पंचवीस तरी कशावरून, मशीन अटकलेली सगळ्यांनी पाहिली आहे.

“अटकलं नव्हतं. उतरलं होतं. जहाजावर असंच उतरतं.”

“लागली व्हती,” रखमाजी म्हणाले. “फलाटाला लागल्यावर गाडी अशीच लागते. मंग ती हलत न्हाई.”

अण्णासाहेब आता हसत नव्हते.

“असामान्यातलं एक इकडं घेतलं असतं, तर कोणी इचारलं नसतं,” ते म्हणाले. “मी सोताच देऊन राह्यलो व्हतो.”

“टक्केवारीत फक्त सामान्य धरतात, अण्णासाहेब.”

“मंग आमचे एकाहत्तर...”

“एकाहत्तरच होते.”

अण्णासाहेबांनी कप उचलला. चहा निवला होता, तरी त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि बशी टेबलावर जपून ठेवली. “खोटं बोलून पास होणारे लई पाह्यले,” ते म्हणाले. “खरं बोलून नापास होणारा माणूस खोटं कशाला लिहील.” मग भागवतांकडे वळून त्यांनी फाईलमध्ये पंचवीस लिहून घ्यायला सांगितलं. भागवतांनी विचारलं, कोणत्या रकान्यात.

माणसं पांगल्यावर धर्मराजरावांनी रजिस्टर उघडलं आणि चारही नोंदी केल्या. सामान्यांच्या रकान्यात एकशे तेराव्या नोंदीला पहिल्यांदा एक लिहिला. प्रयोगशाळेत नियम असा की मोजणाऱ्याच्या सहीशेजारी तपासणाऱ्याची सही लागते. रखमाजी धोतर बदलायला गेले होते. धर्मराजरावांनी रजिस्टर वंदनाबाईंपुढे धरलं, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की ही सही नियमात बसत नाही.

“तू पाहिलं नाहीस,” ते म्हणाले. “तू चहा देत होतीस.”

वंदनाबाईंनी ओले हात पदराला पुसले, रजिस्टर मागे उलटवलं आणि शून्यांची पानं एकेक करून पाहिली. सगळी पाहून झाल्यावर शेवटच्या पानावर आल्या.

“एवढ्या शून्यांना शून्य लिहिलंत,” त्या म्हणाल्या. “मंग एकाला एकच लिहिलं असणार.”

त्यांनी सही केली, पेन परत दिला आणि दाराकडे बोट दाखवलं. धर्मराजरावांनी रजिस्टर मिटलं, आणि दळणाचा डबा उचलला.